अर्धा इंच माया

पहाटे ५:३०

नळाला पाणी आलंय. पद्मनगरच्या या गल्लीत बादल्यांचा खणखणाट आहे आणि त्याच्या खालून मागांचा आवाज. तो रात्रभर थांबलेला नाही. शेजारच्या कारखान्यात आठ यंत्रमाग आहेत. नळाखाली हंडा धरून अक्का क्षणभर कान देते. "आज सातच चालू आहेत," ती म्हणते. "एकाचं काहीतरी तुटलंय."

गल्लीत सगळे तिला अक्काच म्हणतात. सासू-सासरे तेलंगणातून विणकामासाठी भिवंडीत आले. पद्मनगर, कामतघर या भागात अशी पद्मशाली घरं पुष्कळ आहेत. तिचं माहेर सोलापूर, तेही मागांचं गाव. शाळा मराठी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कामावर हिंदी. दिवसातून तीनदा भाषा बदलते आणि तिला ते जाणवतही नाही.

दोन पिंप भरतात. मग गॅसवर तवा. भाकरी, वांग्याची भाजी आणि माहेरची सवय म्हणून शेंगदाण्याची चटणी. चार डबे लागतात. दोन मुलांचे, एक तिचा, एक नवऱ्यासाठी झाकून ठेवायचा.

सकाळी ८:१०

नवरा रात्रपाळी करून येतो. आठ ते आठ, बारा तास. भुवयांवर, कानाच्या पाळीवर, शर्टच्या शिवणींत कापसाचं पांढरं तूस. तो सहा माग सांभाळतो. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा इकडून तिकडे जातो. धागा तुटला की माग थांबवायचा, सांधायचा, पुन्हा चालू करायचा. पैसे मीटरवर. माग थांबलेला असतो तेवढा वेळ मीटर भरत नाही.

तो दारातच शर्ट झटकतो, हातपाय धुतो, जेवतो. अक्का पदर खोचते आणि डबा उचलते. दोघांची भेट वीस मिनिटांची. त्यात थोरलीच्या नववीच्या वह्या, गॅसचा नंबर आणि सासूबाईंचं औषध, एवढं बोलून होतं.

सकाळी ८:४०

रिक्षा पंधरा रुपये घेते. अक्का चालत जाते. वऱ्हाळा तलावाच्या कडेनं कामतघरकडे वीस मिनिटं. वाटेत हातगाडीवर सुताची पोती, टेम्पोत बीम, डोक्यावर कापडाचे तागे. दुकानांच्या पाट्यांवर साइझिंग, वार्पिंग, ग्रे कापड. इथे सुताचं कापड होतं आणि तयार कापड टेम्पोत बसून बाहेर जातं. शिवण्याचं काम त्या मानानं थोडं. अक्काचा गाळा त्या थोड्यातला.

सकाळी ९:००

गाळा बारा फूट रुंद, तीस फूट लांब. वर पत्रा. सहा मशीनं भिंतीला लावून, मध्ये कटिंगचं लांब टेबल. मालक साठीचे. त्यांना मास्टर म्हणतात, कारण कातर अजून तेच धरतात. पूर्वी इथे फक्त परकर शिवायचे. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि पुढच्या काही महिन्यांत मास्टरांकडे कापडी पिशव्यांची विचारणा सुरू झाली. आता तीन मशीनांवर परकर, तीनवर पिशव्या.

आज दादरच्या एका दुकानदाराच्या ५०० पिशव्यांची सुरुवात आहे. साधी, खांद्याला अडकवायची, अस्तर लावलेली पिशवी. सोमवारी टेम्पो जायचा आहे.

अक्काचं मशीन खिडकीजवळचं, तिसरं. बसल्या बसल्या ती शिवायला लागत नाही. पायाखालची पट्टी काढते आणि दातांमध्ये अडकलेलं तूस जुन्या टूथब्रशनं झाडते. हे दात कापड पुढे ओढतात. त्यांत तूस भरलं की टाका लहान-मोठा पडतो. बोबिनची डबी काढून फुंकते. तेलाचा एक थेंब. मग सुई. कालची सुई ती नखावरून फिरवते. नखावर ओरखडा उठला. टोक गेलंय. नवी सोळा नंबरची लावते.

"एका दिवसात सुई बोथट?" मी विचारते.

"कोरं कापड आहे ना. खळ असते त्यात."

मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ पाजतात, म्हणजे ओढाताणीत ते तुटत नाही. पूर्वी चिंचोक्याची खळ असायची, आता मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची. धुतल्याशिवाय ती जात नाही. कोरं कापड हाताला कागदासारखं लागतं ते त्यामुळे. दिवसभर कागद कापला तर कातरही बोथट होते. इथे सुई होते.

सकाळी ९:३०

मास्टर टेबलावर कापड अंथरतात. मांजरपाट. या नावाचा मांजराशी काही संबंध नाही. गोदावरीच्या मुखाकडे नरसापूरजवळ मादपोल्लम आहे. ईस्ट इंडिया कंपनी तिथून सुती कापड घ्यायची. मादपोल्लमचं मादरपाट झालं आणि मादरपाटचं मांजरपाट.

आजचा मांजरपाट वीस नंबरी सुताचा. इंचाला साठ धागे ताण्याचे, साठ बाण्याचे. नंबर कशाचा, ते मास्टर सांगतात. ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा वीस लडी बसल्या की सूत वीस नंबरी. साठ बसल्या तर साठ नंबरी. म्हणजे नंबर मोठा तसं सूत बारीक. अस्तराचं कापड साठ नंबरी आहे. रंगवलेलं, हळदी रंगाचं. कुठे कुठे रंग कमी-जास्त धरलाय, म्हणून ते स्वस्त मिळालं.

मास्टरांच्या हातात लाकडी वारपट्टी आहे. कडा झिजून गोल झाल्यात. दोन्ही टोकांना पितळी टोपणं. ती त्यांच्या वडिलांची. वडील परळच्या एका गिरणीत कापड खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील परत कामावर गेले नाहीत. ही पट्टी तेवढी घरी राहिली.

पट्टी छत्तीस इंच. पिशवीचा तुकडाही छत्तीस इंच लांब, सोळा इंच रुंद. मधोमध घडी घातली की अठरा इंच उंचीची पिशवी, तळाला शिवणच नाही. कापडाचा पन्हा पन्नास इंच. त्यात सोळाचे तीन तुकडे बसतात, वर दोन इंच उरतात. "एका वारात तीन पिशव्या," मास्टर म्हणतात. "हिशेब तोंडी राहतो."

पाच वारांचा एक थर. एकावर एक चौतीस थर. एका थरात पंधरा पिशव्या, म्हणजे ५१० तुकडे. वरचे दहा डागासाठी, चुकीसाठी. वरच्या थरावर निळ्या खडूनं आखणी होते. मग चारी बाजूंना लोखंडी वजनं ठेवून विजेचा कटर फिरतो. मास्टर डावा पंजा कापडावर सपाट दाबून धरतात. कटर त्या पंजापासून चार बोटांवरून जातो.

"तयार पिशवी पंधरा इंच रुंद," ते सांगतात. "तुकडा सोळा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंप्यांकडे माया म्हणतात. परकराला माया, पोलक्याला माया. पोरगी वाढली की उसवून सैल करता येतं. पिशवी वाढत नाही. तिला माया लागते ती धरून ठेवायला. माया कमी पडली तर पिशवी भरताक्षणी धागे सरकतात आणि शिवण फाकते.

सकाळी १०:१५

पहिलं डझन अक्काच्या मांडीशी येतं. दर डझनाला १०८ रुपये, म्हणजे पिशवीला नऊ. दोरा मालकाचा. सुई मोडली तर कारागिराची, दहा रुपये.

ती तुकडा उचलते, दोन्ही बाजूंनी बघते आणि घडी घालते. कोऱ्या मांजरपाटाला उलट-सुलट वेगळं दिसत नाही. मग ती काय बघते?

"गाठी." तिचं बोट एका ठिकाणी थांबतं. तिथे मोहरीपेक्षा लहान गाठ आहे. "इथे ताण्याचा धागा तुटला होता. कुणीतरी माग थांबवून सांधलाय." गाठी जास्त ती बाजू पिशवीच्या आत.

दोन्ही बाजूंच्या टिपा. सुरुवातीला तीन टाके पुढे, तीन मागे, मग सरळ अठरा इंच. शेवटी पुन्हा मागे-पुढे. इंचाला नऊ टाके. खडूची रेघ नाही, काही नाही. पायाच्या उजव्या कडेपासून कापडाची कड किती लांब राहते, ते ती डोळ्यानं धरते. मी मोजपट्टी लावून बघते. अर्धा इंच. दुसरीला लावते. अर्धा इंच.

मग तळाचे कान. पिशवीला बूड यावं म्हणून खालचे दोन कोपरे चिमटीत धरून उघडायचे, बाजूची शिवण आणि तळाची घडी एकावर एक आणायची. कोपऱ्याचा त्रिकोण होतो. टोकापासून दीड इंचावर आडवी टीप मारली की ती बरोबर तीन इंच भरते, आणि पिशवीला तीन इंचांचं बूड मिळतं. डबा आडवा न होता त्यात बसतो. अक्का टोक कापून टाकत नाही, आत तसंच ठेवते.

बारा पिशव्यांचं बाहेरचं अंग झालं की ते डावीकडे पडतं. उजवीकडून अस्तर येतं.

सकाळी ११:२०

अस्तराचंही तसंच. दोन बाजू, दोन कान. फक्त एका बाजूच्या मध्यावर पाच इंच जागा न शिवता सोडायची. मास्टरांनी तिथे कातरीनं बारीक खाच दिली आहे.

"हे दार," अक्का म्हणते. "सगळी पिशवी यातून बाहेर येते."

अस्तर लांबीला अर्धा इंच आखूड कापलेलं आहे. बाहेरच्या कापडाएवढंच ठेवलं तर आत फुगतं, आणि पिशवीत हात घातला की कापडच हाताला लागतं.

हळदी अस्तराचे बारा गठ्ठे होईपर्यंत तिची मान वर होत नाही. मशीनचा आवाज तुटक आहे. सलग लांब टीप या पिशवीत नाहीच. अठरा इंच, थांब. तीन इंच, थांब. वळव, पाय उचल, दोरा काप, पाय टाक. हात मशीनपेक्षा जास्त चालतात.

दुपारी १२:१५

आता पट्टे. सुती नवार, एक इंच रुंद. खाटेला लावतात त्याच जातीची, अरुंद. पिशवीला दोन पट्टे, प्रत्येकी चोवीस इंच. ५०० पिशव्यांना जवळपास ६१० मीटर नवार. पाच रुपये मीटर.

भिंतीवर खिळ्याला दुकानदारानं पाठवलेला नमुना टांगलेला आहे. मी त्याचा पट्टा मोजते. बावीस इंच. टोक एक इंच आत, त्यावर दोन सरळ टिपा.

"मास्टर, हा बावीसचा आहे."

"हो."

"तुम्ही चोवीस कापलेत."

"एक इंच आत गेलेलं टोक निसटतं," मास्टर म्हणतात. "दोन इंच गेलं पाहिजे." ते परत कटरकडे वळतात. दर टोकाला एक इंच जास्त, पिशवीला चार इंच. म्हणजे दहा सेंटिमीटर. पन्नास पैसे.

अक्का बाहेरच्या अंगाला पट्टे लावते. कडेपासून चार इंच, मग पट्टा, मध्ये पाच इंच, मग पट्टा, परत चार इंच. पट्टा उलटा, खाली लोंबता. टोक तोंडाच्या कडेच्या वर दीड इंच सोडलेलं. एक कच्ची टीप. आत्ता बघणाऱ्याला वाटेल, सगळंच चुकलंय.

दुपारी १:००

डबा. सगळ्या जणी टेबलाखालची जागा झाडून बसतात. परकर शिवणारी मावशी घरून लोणचं घेऊन आली आहे. चटणीची वाटी फिरते. एकीच्या मुलाला ताप आहे, ती अर्ध्या भाकरीवर उठून घरी फोन लावते. कुणीतरी विचारतं, नॉन-वोवनच्या पिशव्या शिवायला घेतल्या तर? त्याला शिवणकाम कमी, गरम करूनही चिकटतात. मास्टर मान हलवतात. दिसायला कापड, पण ते प्लास्टिकच. पॉलिप्रॉपिलीनचे धागे दाबून केलेलं. "आपण मांजरपाटच बरे."

पावणेदोनला मशीनं पुन्हा सुरू.

दुपारी २:००

सकाळपासूनचे तुकडे आता एक होतात. अक्का बाहेरचं अंग सुलट करते, पट्टे खाली लोंबलेले. ते अस्तराच्या आत घालते. अस्तर उलटं आहे, त्याच्या शिवणी बाहेर. दोन्हींच्या चांगल्या बाजू एकमेकींना चिकटलेल्या. बाजूच्या शिवणी एकमेकींसमोर आणून चिमटीत धरते आणि तोंडाची टीप सुरू करते. गोल, तीस इंच. अर्धा इंच माया. पट्टा आला की हळू. बाजूची शिवण आली की आणखी हळू, तिथे चार-सहा थर होतात. तिथे ती पायडल सोडते आणि हातानं चाक फिरवते. एक टाका, दोन टाके, तीन. मग परत पायडल.

टीप सुरू झाली तिथेच येऊन मिळते. आता हातात जे आहे ते पिशवीसारखं दिसत नाही. नुसतं गाठोडं, बाहेर धागे, कच्च्या कडा, कानांचे त्रिकोण.

मग ती दारात दोन बोटं घालते. आत चाचपते. पट्टा सापडतो. ओढते. आधी पट्ट्याचा फास बाहेर येतो, मग दुसरा, मग मांजरपाटाचा एक कोपरा, आणि खळीचं कापड करकर आवाज करत त्या पाच इंचांतून सगळंच्या सगळं बाहेर येतं. अस्तर मागून. ती कोपऱ्यांत अंगठे घालून बूड बाहेर ढकलते, अस्तर आत सारते, पट्टे वर झटकते.

पिशवी. एकही कच्ची कड कुठे दिसत नाही. ज्या कडा दिवसभर बाहेर होत्या त्या सगळ्या दोन कापडांच्या मध्ये गेल्यात. पट्ट्याची दोन इंच टोकंही तिथेच, खाली तोंड करून.

मला ते पुन्हा बघायचं असतं. ती दुसरी उचलते. सातव्या पिशवीपर्यंत मी बघतच राहते.

दुपारी ३:२०

लाइट गेली. मशीनं एकदम गप्प होतात. पाठोपाठ गल्लीतले मागही. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजतात, ती ऐकू येतात.

कुणी उठत नाही. मशीनं बंद असली तरी हात चालवता येतात. अक्का तोंड शिवून झालेली गाठोडी पुढे घेते आणि उलटवायला लागते. धागे कापणारी मुलगी छोटा कटर घेऊन शेजारी बसते. तिला पिशवीला पन्नास पैसे. एका पिशवीत तिला वीस-बावीस ठिकाणी लोंबते धागे सापडतात. पंखा नाही. अक्काच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येतो. ती मनगटानं पुसते. तळवा वापरत नाही. कोऱ्या कापडावर घामाचं बोट उठलं तर जात नाही, आणि तो पीस डागात जातो.

मास्टर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडे लिहितात. मी विचारते तर पुठ्ठाच पुढे करतात. मांजरपाट १५. अस्तर ९. नवार ६. शिलाई ९. दोरा १. धागेकटिंग ५० पैसे. प्रेस १. भाडं, लाइट, बाकी मिळून अडीच. बेरीज ४४ रुपये. दुकानदाराचा भाव ४८.

चार रुपये गुणिले पाचशे, मी मनात करते. दोन हजार. नवार नमुन्याएवढीच कापली असती तर त्यात अडीचशे वाढले असते. पुठ्ठ्यावर तशी ओळ नाही.

दुपारी ४:०५

आधी दूरचा एक माग खडखडतो. मग दुसरा. मग गल्लीतले सगळे. मग आमचा पंखा. पंचेचाळीस मिनिटं गेली. चहा येतो, दहा रुपयांचा. अक्का दोन घोटांत संपवते आणि ग्लास खिडकीत ठेवते.

आता दार बंद करायचं. अस्तराची सुटलेली पाच इंच जागा, दोन्ही कडा आत मुडपून, अगदी कडेवरून टीप. ही टीप आतून दिसते. मग तोंडावर वरून दाबटीप, तीस इंच, म्हणजे अस्तर वर डोकावत नाही.

संध्याकाळी ५:००

शेवटी पट्ट्यांची टोकं. नमुन्यात दोन सरळ टिपा आहेत. अक्का चौकट मारते. एक इंच रुंद, दीड इंच उंच. चारी बाजू, मग मधून फुली. सुई कापडात ठेवायची, पाय उचलायचा, पिशवी वळवायची, पाय टाकायचा. एका चौकटीला सहा-सात वेळा. एका पिशवीत चार चौकटी.

"हे सांगितलंय का त्यांनी?"

"नाही."

"मग?"

सुई पाच थरांतून जाते: मांजरपाट, त्याची माया, नवार, अस्तराची माया, अस्तर. ती डोळे वर करत नाही. "मंडईत बटाटे घेतले होते एकदा. पाच किलो. रस्त्याच्या मध्यावर पट्टा निघाला. टेम्पो थांबला म्हणून बरं. मी आणि पोरगी बटाटे गोळा करत होतो."

"ती पिशवी तुम्ही शिवलेली?"

"मीच. दोन टिपांची."

मी घड्याळ लावते. दोन टिपांपेक्षा चौकटीला दहा सेकंद जास्त लागतात. चार टोकं, चाळीस सेकंद. ती हिशेब माझ्याआधी सांगते, तिनं तो कधीच केलेला आहे. दिवसाच्या पन्नासेक पिशव्या धरल्या तर अर्ध्या तासावर वेळ. तेवढ्यात चार पिशव्या झाल्या असत्या. "छत्तीस रुपये," ती म्हणते आणि पुढची पिशवी वळवते.

टक्. सुई मोडली. ती लगेच पायडलवरून पाऊल काढते. मशीनमध्ये अर्धी सुई आहे, टोक नाही. ती पिशवी झटकते, मांडी झटकते, मग बोटानं शिवण चाचपत जाते. टोक नवारीच्या थरात सापडतं, दोन मिलिमीटरचं. चिमट्यानं काढून दोन्ही तुकडे जोडून बघते. पूर्ण भरले. वहीत चिकटपट्टीखाली लावते. अस्तराच्या आत सुईचं टोक राहिलं तर कुणाच्या तरी बोटात जाईल. वहीत या आठवड्यातली ही दुसरी सुई. वीस रुपये.

संध्याकाळी ६:१५

प्रेसवाला वाफेची इस्त्री फिरवतो. चेकिंगची मुलगी प्रत्येक पिशवी घेऊन तीन गोष्टी करते. तोंडावरची टीप बोटानं फिरून बघते. अस्तर ओढून दार नीट बंद झालंय का ते बघते. मग दोन्ही पट्टे दोन हातांत धरून झटका देते. अक्काच्या पिशव्यांना तिनं तिसरं करण्याची गरज नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी देते. काम ते काम.

मी एका पिशवीतल्या टिपा वारपट्टीवर मोजून बघते. बाजू, कान, अस्तर, तोंड, दाबटीप, चार चौकटी. बेरीज १७८ इंच येते, जवळपास पाच वार. टिपेच्या अडीच-तीन पट दोरा जातो, म्हणजे पिशवीत बारा-पंधरा वार. सोळाशे टाके. नऊ रुपये.

संध्याकाळी ७:१५

मशीनवर कापड झाकलं जातं. मोजणी. साडेचार डझन, ५४ पिशव्या, ४८६ रुपये. लाइट गेली नसती तर पाच डझन झाली असती.

उद्या शुक्रवार, सुट्टी. म्हणून आज हिशेब. मास्टर वही उघडतात, अक्का आपली उघडते. दोन्ही वह्यांतला आकडा एकच. आठवड्याची सत्तावीस डझनं, २९१६ रुपये. उचल ५०० वजा. सुया २० वजा. हातात २३९६. ती नोटा दोनदा मोजते. थोरलीच्या क्लासचे बाजूला काढून पदराच्या टोकात बांधते, उरलेले पाकिटात.

"मास्टर, शनिवारी सुया सोळाऐवजी अठरा नंबरच्या मागवा. चौकटीला सोळा टिकत नाही."

मास्टर वर बघतात. चौकट करायला त्यांनी कधी सांगितलेलं नाही. करू नका असंही नाही. ते वहीच्या कोपऱ्यात लिहितात: सुई १८ नं., एक पाकीट.

संध्याकाळी ७:५०

पद्मनगर. नवरा पाळीला निघतो आहे. डबा, पाण्याची बाटली, गमछा हे सगळं अक्का एका पिशवीत भरते. पिशवी मांजरपाटाची, पण ओळखू येत नाही. धुऊन धुऊन खळ गेली, पिवळट रंग गेला, आता ती पांढरी आणि मऊ आहे, जुन्या लुगड्यासारखी. अस्तर परकराच्या उरलेल्या कापडाचं. बंदीच्या वर्षी, गाळ्यात पिशव्या नव्या होत्या तेव्हा, बटाटे सांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवलेली.

नवरा ती खांद्याला अडकवतो. मी पट्ट्याचं टोक बघते. चौकटीतला एक टाका उसवलाय. फुलीनं धरून ठेवलंय.

"आण इकडे," अक्का म्हणते. पिशवी त्याच्या खांद्यावर तशीच ठेवून ती सुई-दोरा घेते, उभ्या उभ्या चार टाके घालते, दातानं दोरा तोडते.

आठला पाच कमी. तो निघतो. शेजारच्या कारखान्यातून आवाज येतोय. अक्का उंबऱ्यात थांबून ऐकते.

"आठ," ती म्हणते आणि तांदूळ निवडायला बसते.